वांकिडीची ओली दिवाळी आणि चार पोती फटाके

दिवाळीला लेकीनं माहेरी यायचं, हा आमच्या नागपूरच्या घरचा कायदा होता आणि माझी थोरली बहीण सुमनताई लग्नानंतर सलग सहा वर्षं तो पाळत आली होती. नव्वदच्या आसपासच्या एका वर्षी मात्र तिचं पोस्टकार्ड आलं. "यंदा मी येत नाही. धाकटीला पाठव. पाहुणी म्हणून नको, दोन हात घेऊन यायला सांग." धाकटी म्हणजे मी. वय तेवीस, टायपिंगची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत बसलेली, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या हक्काची. आईनं कार्ड दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत चिवड्याचा भला मोठा डबा भरला. हा माझा आदिलाबाद जिल्ह्याचा पहिला प्रवास. सीमेपलीकडच्या त्या भागात जायचं कसं, असं गेल्या महिन्यात दोघीतिघींनी विचारलं, म्हणून ही जुनी गोष्ट काढून बसले आहे.

आधी रस्त्याचं सांगून टाकते. आता चंद्रपूरहून गाडी काढलीत तर राजुरा मागे टाकून दोनेक तासांत वांकिडी येतं. रस्ता चांगला आहे, आणि जिल्ह्याची पाटीही आता बदलली आहे. तेव्हा मी नागपूरहून सकाळच्या पॅसेंजरनं बल्लारशाला उतरले. तिथून एसटीनं राजुरा, आणि राजुऱ्याहून आसिफाबादला जाणारी आंध्राची बस. तिन्ही तिकिटं मिळून पन्नासच्या नोटेतून बरेच सुटे परत आले, आणि त्यातले काही राजुऱ्याच्या स्टँडवर आलुबोंडा-तर्रीत गेले. तर्री इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं आणि मी आणखी एक मागवला. पाऊस मात्र पाठ सोडत नव्हता. वर्धा नदीच्या पुलावर पाणी चढेल म्हणून ड्रायव्हर सारखा खिडकीतून डोकं बाहेर काढत होता. दिवाळी चार दिवसांवर आणि पाऊस कसा, तर आषाढासारखा रपरप!

बसमध्ये कंडक्टरनं "एक्कडिकी?" विचारलं. मी नुसती बघत राहिले, तेव्हा तो हिंदीत शिरला आणि "वांकिडी" ऐकताच सरळ मराठीत आला. माझ्या पुढच्या बाकावर दोन शेतकरी डोक्यावर पोती पांघरून बसले होते.

"पराटी छातीले लागली औंदा," एक म्हणाला, "पण बोंड उघडाचं नाव नाही घेऊन राह्यलं."

"ऊन कोठं हाये उघडाले? जे उघडलं ते भिजून राह्यलं."

"मंग पोट्ट्यायले फटाके काय सांगाचं?"

"सांगतो, आभायात इजा चमकून राह्यल्या, त्याच पाहा."

दोघंही मोठ्यानं हसले आणि मीही हसले. माझी बहीण त्या वर्षी वांकिडीत फटाके विकायला बसली होती आणि मी तिलाच मदत करायला निघाले होते, हे त्यांना कुठून माहीत असणार? लक्कडकोटच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच, हिरवीगार, भिजलेली पराटी, म्हणजे कापसाची झाडं, लागली. कापसाचा पांढरा ठिपका कुठेच दिसेना. तेव्हा मला ते नुसतं सुंदर वाटलं. त्याचा अर्थ मला संध्याकाळी चुलीपाशी कळला.

ताईच्या सासरची पुढची खोली म्हणजे किराण्याचं दुकान. भावजी भैंशाला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला, हंगामात दिवाळीलाही सुटी नाही. त्यामुळे घरात ताई आणि तिचे सासरे, दोघंच. सासऱ्यांना सगळे मामाजी म्हणत. सत्तरीचे, काठीसारखे ताठ, कानावर बिडी खोचलेली. दुकानाच्या गादीवर तीस वर्षं तेच बसलेले, पण आता गुडघे बोलायला लागले होते. त्यांचा बेत असा होता की ती खोली एका शिंप्याला भाड्यानं द्यायची आणि सुनेनं घर नि वावर सांभाळायचं. ताईला ते नको होतं. तिला ती गादी हवी होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला पीक जोरात दिसत होतं, तेव्हा तिनं मामाजींपुढे स्वतःच गोष्ट काढली, की दुकान मी चालवून दाखवते.

"त्यायनं काय म्हटलं माहीत आहे?" भाकरी थापत ताई मला सांगत होती. इतक्या वर्षांत तिची बोली अर्धी तिकडची झाली होती. "म्हणाले, फटाके आण. कोणाले गरज नसते ती वस्तू इकून दाखव. तुळशीच्या लग्नापर्यंत माल खपला तं गादी तुही. उरला तं शिंपी."

ताईनं मंडल ऑफिसात, म्हणजे तिकडच्या तहसिलीत, स्वतः दरखास्त देऊन परवाना काढला होता. चंद्रपूरहून माल आणला होता. फुलबाज्या, भुईनळे, भुईचक्रं, लवंगीच्या माळा आणि सुतळी बॉम्ब. सुतळी बॉम्ब तिनं जास्तच आणले होते, कारण आदल्या वर्षी म्हणे तेच सगळ्यांत आधी संपले होते. यंदा मात्र बोंडंच उघडली नव्हती, म्हणजे कापूस नाही आणि गावात कोणाच्या हातात पैसाही नाही. मी तिला म्हटलं, "काळजी नको, मी आलेय ना!" मी कोण लागून गेले होते देव जाणे, पण आमच्या घरात आत्मविश्वासाची टंचाई कधीच नव्हती.

धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत आम्ही दोघी दुकानात बसलो आणि मी एक गोष्ट शिकले, ती आजही बाजारात हिंडताना आठवते. हातात पैसा नसला तरी माणूस खरेदी अगदी बंद करत नाही. तो आधी आवाज सोडतो. फुलबाज्या गेल्या. डबा फोडून सुट्या विकल्या, दोन-दोन, तीन-तीन. भुईचक्रं गेली. नागगोळ्या तर पहिल्याच दिवशी संपल्या. कोणी तेलुगू बोलणारं गिऱ्हाईक "टपाकायलु उन्नाया?", फटाके आहेत का, असं विचारत यायचं, सुतळी बॉम्ब हातात घेऊन वजन बघायचं आणि चार फुलबाज्या घेऊन जायचं. लवंगीची माळ सोडून सुट्या लवंग्या मागणारे आले, ताईनं त्याही सोडून दिल्या. बाहेर पाऊस, पणत्या ओट्यावरून आत घेतलेल्या, आणि लक्ष्मीपूजनाला सगळ्या गावात मिळून जो काही आवाज झाला तो मी चिवडा खातानासुद्धा त्याहून जास्त करते. मामाजी दारात बसून बघत होते. टोमणा एकही मारला नाही, आणि ताईला तेच जास्त लागत होतं.

भाऊबीजेला आम्ही उरलेला माल चार पोत्यांत भरला. जवळपास सगळे बॉम्ब, बरीच रॉकेटं, थोड्या माळा. तुळशीच्या लग्नाला दहा दिवस होते.

आणि मग ऊन पडलं! पडलं म्हणजे असं पडलं की दोन दिवसांत चिखलाला भेगा. सलग पाच-सहा दिवस तसंच. सकाळी उठून वावराकडे पाहिलं की रोज थोडं जास्त पांढरं दिसायचं. ताईनं ठरवलं, शेजारच्या गावच्या आठवडी बाजारात जायचं. बैलगाडीनं दोन तास. पहाटे गाडी जुंपली, चारही पोती चढवली आणि आम्ही भाकरी बांधायला आत गेलो. बाहेर आलो तर मामाजी गाडीपाशी तोंड धूत होते. मी पोत्याला धरून वर चढायला गेले आणि हात ओला झाला. दुसऱ्या पोत्याला हात लावला, तेही ओलं. तिसरं तर ठिबकत होतं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. कापूस बाजारात न्यायच्या दिवशी गाडीवरच्या मालावर हळूच पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे काट्यावर जरा वजन भरतं, ही त्या पट्ट्यातली जुनी खोड. घेणारे व्यापारीही ती ओळखून असतात, कापूस मुठीत दाबून बघतात, सरकी दाताखाली फोडून बघतात. मामाजींनी तीस वर्षं पहाटे गाडी भरली की तांब्या उचलला होता. त्या दिवशी गाडी भरलेली दिसली, हातात तांब्या होता, आणि हातानं आपलं काम केलं. एक तांब्या नाही, चांगली बादली संपवली होती.

ताईनं तिसऱ्या पोत्यात हात घालून पाहिला. मग म्हणाली, "मामाजी, हे काय केलं तुमी?"

मामाजींनी तांब्याकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मुद्दाम केलं असतं तर असा चेहरा होत नाही.

"हाताले सवय हाये व," ते म्हणाले. "डोये उघडे व्हते, पण डोकं झोपलं व्हतं. माह्यावाली चूक झाली, सुमन."

मला वाटलं, ताई आता रडेल. मी असते तर नक्की रडले असते, वर तांब्याही फेकला असता. ताईनं पदर खोचला आणि विचारलं, "आज आपल्या वावरात सीतादही हाये ना?"

सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. वावरात दहीभात शिंपडतात, नमस्कार करतात आणि मग बाया वेचायला लागतात. ती झाल्याशिवाय कोणी बोंडाला हात लावत नाही. सलग ऊन पडल्यामुळे त्या दिवशी आमच्याच नाही, आसपासच्या सगळ्या वावरांत सीतादही होती.

"मंग बाजारात कोण भेटणार हाये? सारं गाव वावरात हाये," ताई म्हणाली. "गाडी वावरात घ्या."

वावराच्या कडेला नाल्याजवळ एक रुंद काळा खडक होता. उन्हानं तो तव्यासारखा तापतो. ताईनं त्यावर गोणपाटं अंथरली आणि आम्ही एकेक फटाका वेगळा करून मांडला. भिजलेली खोकी फेकून दिली. कापूस दूर बांधावर आणि फटाके इकडे, मध्ये चांगली पन्नास पावलं. ही हद्द ताईनं आखली आणि राखणीला मामाजींना बसवलं. बिडीशिवाय! कानावरची बिडी तिनं हात पुढे करून मागून घेतली. त्यांनी ती मुकाट्यानं दिली, आणि दिवसभर कान चाचपत बसले. दर तासाला आम्ही फटाके उलटवत होतो, घरी आई कुरडया उलटवते तसे. पाठ मोडून आली, पण दुपारी बाया भाकरी खायला बसल्या तेव्हा दहीभात, ठेचा आणि अंबाडीची भाजी अशी जमली की मी पाठ विसरले. त्या भागात गेलात आणि कोणी वावरात जेवायला बोलावलं तर हॉटेल शोधत बसू नका.

बाया जेवता जेवता खडकाकडे बघत होत्या. त्यांच्यातली कौसल्याबाई पुढे होती, पन्नाशीची, हजरजबाबी, सगळ्या वेचणारणींची म्होरकी.

"काऊन व सुमन, पापडं घातले काय?"

"फटाके हायेत, काकू. भिजले व्हते, वाळवून राह्यली."

"भिजलेले फुटतेत काय?"

खरं उत्तर ताईलाही माहीत नव्हतं. तिनं मधला एक सुतळी बॉम्ब उचलला. मामाजी उठले, म्हणाले, "आण इकडं, मी लावतो," आणि गुडघे सांभाळत नाल्याच्या पलीकडे गेले. वात पेटली. विझल्यासारखी झाली. सगळ्या बाया हातातला घास तसाच धरून बसल्या होत्या. मी डोळे मिटून घेतले, हे कबूल करते.

असा आवाज झाला की बैलांनी दावं ताणलं आणि बांधावरचे बगळे एकदम उडाले. तो आवाज नाल्यातून पलीकडच्या टेकाडावर जाऊन परत आला. कौसल्याबाई छातीवर हात ठेवून हसायला लागली. "वाजला व माय! औंदाची दिवाळी आता आली!"

मग तिनं विचारलं, केवढ्याचा? आणि स्वतःच मान हलवली. "राहू दे. कापूस इकल्याबिगर पैसा कोठचा?"

पहिल्या वेचणीच्या दिवशी प्रत्येक बाईच्या ओटीत मालक ओंजळभर कापूस घालतो, तो तिचा. ताईनं त्या ओटीकडे बोट दाखवलं. "मंग कापूसच द्या. एक ओंजळ, दोन बॉम्ब. नाही फुटला तं बदलून देईन."

मामाजी तिकडून ओरडले, "सुमन! मीठ-मिर्चीवर कापूस घेतेत. बारुदीवर कोणी घेतला काय आजपावतर?"

ताई त्यांच्याकडे वळली. आवाज चढवला नाही, पण सगळ्या वावराला ऐकू गेलं. "बारूद मी इकून राह्यली, मामाजी. भाव मी ठरवीन."

कौसल्याबाईनं ओटी सोडली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. संध्याकाळपर्यंत शेजारच्या वावरातल्या बायाही आवाज ऐकून आल्या. पुढचे तीन दिवस आम्ही बैलगाडी घेऊन वावरावावरांत हिंडलो. जिथे सीतादही, तिथे गाडी. प्रत्येक ठिकाणी मामाजी एक बॉम्ब वाजवून दाखवायचे आणि ताई कापूस घ्यायची. येताना पोती पुन्हा भरलेलीच असायची, फक्त आत कापूस. चौथ्या दिवशी आमच्याकडे फटाका म्हणून उरला नाही, तुळशीसाठी बाजूला काढलेल्या चार फुलबाज्या सोडून.

तुळशीच्या लग्नाला संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही नुसतं ऐकत होतो. गावाच्या या टोकाला एक, त्या टोकाला दोन, मग माळ, मग चारही दिशांनी. ताई प्रत्येक आवाजाला मान हलवायची, आणि मध्ये शांतता पडली की तिचा हात माझ्या हातावर घट्ट व्हायचा. दिवाळीला मुकाट राहिलेलं गाव त्या दिवशी सगळी कसर भरून काढत होतं. मला इतका आनंद झाला होता की मी शेजारच्या घरी जाऊन विनाकारण पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी माझी परतीची बस होती. सकाळी कौसल्याबाई एक न फुटलेला बॉम्ब घेऊन दुकानाच्या पायरीवर आली. मामाजी नेहमीसारखे दारात बसलेले. तिनं तो त्यांच्यापुढे धरला. "काकाजी, हा नाही फुटला."

"मले काऊन दाखवतं?" मामाजी म्हणाले. "दुकानदारीन आत बसली हाये."

ताई खरंच गादीवर बसली होती. बदलून द्यायला बॉम्ब उरला नव्हता, म्हणून तिनं खोबऱ्याची अख्खी वाटी काढून दिली. मामाजी उठले, कानावर बिडी खोचली आणि "शिंप्याले सांगून येतो, जागा नाही म्हणून," असं कोणालाच उद्देशून न म्हणता चालू लागले. ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती तराजू पुसत राहिली, बराच वेळ, तो स्वच्छ असतानासुद्धा.

परतीच्या बसमध्ये दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र होतं. मी खुशीत होते आणि मला रडूही येत होतं, कारण एक गोष्ट मला राजुऱ्याच्या अलीकडेच उमगली. ताई आता दिवाळीला माहेरी कधीच येणार नव्हती. दिवाळी हाच तिचा हंगाम झाला होता. त्यात माझाही हात होता. हे आईला कसं सांगायचं, याचा विचार करत मी राजुऱ्याला आलुबोंड्याकडे बघितलंसुद्धा नाही, यावरून काय ते समजा.

घरी पोचल्यावर मी आईला सगळं सांगितलं. पाऊस, तांब्या, खडक, ओंजळी. शेवटी म्हटलं, "आई, ती पुढच्या वर्षीही यायची नाही."

आई गहू निवडत होती. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईवडील तिच्या सासरचं पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि ताईला सात वर्षांत मूल झालं नव्हतं. त्या सात वर्षांत आई वांकिडीला एकदाही गेली नव्हती. ताई यायची, तेवढीच भेट.

"ती खोली आता कोणाची म्हणायची?" आईनं विचारलं.

"कोणती?"

"दुकानाची."

"ताईची. मामाजीच म्हणाले."

आईनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग सूप बाजूला ठेवलं.

"मग मीच जाईन पुढच्या दिवाळीला," ती म्हणाली. "घरात नाही जाणार. दुकानात बसेन. लेकीच्या दुकानातलं पाणी मला चालतं."

आणि पुढच्या दिवाळीला ती खरंच वांकिडीला गेली.